धातुमृत्तिका व तिचे अलंकार

धातूचे अतिसूक्ष्म चूर्ण, त्याचे कण धरून ठेवणारा सेंद्रिय बंधक आणि पाणी यांच्या मळलेल्या मिश्रणास धातुमृत्तिका म्हणतात. ओली असताना ती कुंभाराच्या मातीप्रमाणे लाटता, कापता, वळता व साच्यात ठसवता येते. घडलेली वस्तू वाळवून भट्टीत भाजली असता पाणी व बंधक निघून जातात, चूर्णाचे कण परस्परांना जुळून येतात व मागे केवळ धातूची वस्तू उरते. नावात मृत्तिका हा शब्द असला, तरी या मिश्रणात मातीचा अंश नसतो. साम्य आहे ते घडणीच्या सुलभतेचे. बस्तर व बंगाल येथील ढोक्रा कामातही माती वापरतात. परंतु तेथे मातीचा साचा करून त्यात वितळलेला धातू ओततात व अखेरीस साचा फोडून टाकतात. धातुमृत्तिकेत साचा व ओतकाम ही दोन्ही नसून हाताने घडलेला गोळाच धातूचे रूप घेतो. चांदीची मृत्तिका सर्वांत प्रचारात असून सोने, तांबे व कासे यांच्याही मृत्तिका तयार करण्यात आल्या आहेत.

सोनाराच्या पारंपरिक कामात धातू प्रथम मुशीत वितळवून त्याची कांब पाडतात. ती ठोकून वा लाटून पत्रा करतात, जंतरातून ओढून तार काढतात आणि मग कापणे, वाकवणे, डाख देणे, कानसणे अशा क्रमाने दागिना घडवतात. तेथे धातू आधी सिद्ध असतो व आकार नंतर येतो. धातुमृत्तिकेत हा क्रम उलटा होतो : आकार आधी येतो व एकसंध धातू नंतर तयार होतो. या पद्धतीच्या बहुतेक सोयी आणि बहुतेक उणिवा या एकाच फरकातून उद्‌भवतात.

इतिहास : धातूचे कण वितळबिंदूपर्यंत न नेता उष्णतेने जुळवण्याची कल्पना जुनी आहे. दक्षिण अमेरिकेतील सध्याच्या एक्वादोरच्या किनाऱ्यावरील एस्मेराल्दास भागात स्पॅनिश लोकांच्या आगमनापूर्वीच प्लॅटिनमाचे अलंकार होत असत. प्लॅटिनम सु. १,७६८° से.ला वितळते. इतके तापमान तेथील कारागिरांच्या आवाक्यात नव्हते. नदीच्या वाळूत सापडणारे प्लॅटिनमाचे कण ते सोन्याच्या चूर्णाबरोबर तापवीत. वितळलेल्या सोन्याने कण सांधले जात व पुनःपुन्हा ठोकून आणि तापवून त्यांचा एकजीव पिंड बनत असे. डॅनिश धातुवैज्ञानिक पॉल बर्गसो यांनी १९३०–४० या दशकात या वस्तूंचे परीक्षण करून ही पद्धती उलगडली. यूरोपात इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम हाइड वुलस्टन यांनी प्लॅटिनमाचे चूर्ण दाबून, तापवून व ठोकून त्यापासून वर्धनीय धातू मिळवण्याची रीत बसवली. तिचे वर्णन १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकात विजेच्या दिव्यांतील टंगस्टनाच्या तारा, तेलधारी धारवे व कठीण हत्यारांची टोके यांच्या निर्मितीतून चूर्ण धातुविज्ञान हे एक मोठे औद्योगिक शास्त्र झाले.

या शास्त्राला मातीकामाची जोड मिळाली ती जपानमध्ये. मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीतील मासाकी मोरिकावा यांनी १९९० च्या सुमारास मौल्यवान धातूंची मृत्तिका तयार केली. आइडा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीने ‘आर्ट क्ले सिल्व्हर’ या नावाने आपली चांदीची मृत्तिका बाजारात आणली. १९९५ नंतरच्या वर्षांत हे तंत्र अमेरिकेत पोहोचले. तेथे सुवर्णकार व शिक्षक टिम मॅक्राइट यांनी त्याच्या प्रसाराचे मोठे काम केले. २००८ मध्ये बिल स्ट्रूव यांनी कास्याची मृत्तिका बाजारात आणल्यावर अल्प किमतीच्या धातूंचाही या तंत्रात समावेश झाला.

घटक : चांदीच्या मृत्तिकेत सामान्यतः ९९.९% शुद्ध चांदी वापरतात. चूर्णाच्या कणांचा व्यास बहुधा २० मायक्रॉनांहून कमी असतो. बंधक म्हणून मेथिल सेल्युलोजासारखे पदार्थ घेतात. ते पाण्यात फुगून चिकट होतात आणि तापवल्यावर जळून जातात. आरंभीच्या मृत्तिकेत चांदीचे प्रमाण वजनाने सु. तीन चतुर्थांशांहून थोडेच अधिक असे. नंतरच्या प्रकारांत ते ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. गोळा, पातळ लगदा, पिचकारीतून सोडण्याजोगी घट्ट खळ व कागदासारखे लवचिक पापुद्रे अशा रूपांत ही मृत्तिका मिळते. लगद्याचा उपयोग जोड देण्यासाठी व भेगा बुजवण्यासाठी होतो.

शुद्ध चांदी निवडण्याचे कारण रासायनिक आहे. तापलेल्या चांदीवर ऑक्साइड टिकत नाही. त्यामुळे हवेत भाजूनही कणांचे पृष्ठभाग स्वच्छ राहतात व ते एकमेकांस जुळतात. नेहमीच्या दागिन्यांच्या चांदीत ७.५% तांबे असते. ते हवेत तापवल्यास ऑक्सिडीकरण पावते आणि कणांमध्ये आडपडदा निर्माण होतो. शुद्ध चांदीची व ९२.५% चांदीची अशा दोन मृत्तिका समभाग मळल्यास सु. ९६% चांदीचे मिश्रण मिळते; ते शुद्ध चांदीहून चिवट असते आणि उघड्या हवेतही भाजता येते.

तापपिंडन : भाजताना जी क्रिया घडते तिला तापपिंडन म्हणतात. चांदीचा वितळबिंदू सु. ९६२° से. आहे, भाजणी मात्र त्याहून कमी, म्हणजे ६५०° ते ९००° से. या तापमानांत होते. या तापमानास धातू घनरूपच राहतो, पण त्याच्या अणूंना पुरेशी गतिशीलता येते. सूक्ष्म चूर्णाला वजनाच्या मानाने फार मोठा पृष्ठभाग असतो व त्या पृष्ठभागात ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा कमी व्हावी, अशा दिशेने अणूंचे विसरण होते. जेथे दोन कण टेकलेले असतात, तेथे प्रथम बारीक मान तयार होते. मान जाड होत जाते, कणांची केंद्रे जवळ येतात व मधल्या पोकळ्या आकसून गोल होतात. अखेरीस काही सूक्ष्म छिद्रे वगळता एकसंध धातू उरतो.

या क्रियेस तापमान व काळ हे दोन्ही लागतात आणि एकाची उणीव दुसऱ्याने काही अंशी भरून निघते. काही प्रकारची मृत्तिका ६५०° से.ला अर्ध्या तासात जुळून येते, तर आरंभीच्या प्रकारास ९००° से.ला दोन तास भाजावे लागे. मात्र कोणत्याही प्रकारात कमीत कमी भाजणीने मिळते ती केवळ पुरेशी मजबुती होय. अंगठीसारख्या रोज आघात सोसणाऱ्या दागिन्यांसाठी उत्पादकाने अनुमती दिलेल्या सर्वाधिक तापमानास दीर्घकाळ भाजणे इष्ट असते.

आकुंचन : पोकळ्या आकसल्यामुळे वस्तू सर्व बाजूंनी लहान होते. आरंभीच्या मृत्तिकेत हे आकुंचन लांबीत सु. २८% असे; नंतरच्या प्रकारांत ते सु. ८ ते १२ टक्क्यांवर आले. लांबीतील घट लहान वाटली, तरी घनफळातील घट बरीच मोठी असते : १२% रेषीय आकुंचनात घनफळ सु. ३२ टक्क्यांनी कमी होते, तर २८% आकुंचनात ते सु. ६३ टक्क्यांनी घटते. यामुळे नक्षी अधिक बारीक व रेखीव दिसते आणि मोठ्या आकारात कोरलेले काम लहान होऊन नाजूक भासते. अंगठीच्या बाबतीत मात्र हिशेब आधीच करावा लागतो. आतील परिघ ५४ मिमी. हवा असून मृत्तिका १२% आकसणार असेल, तर ओली अंगठी सु. ६१.४ मिमी. परिघाची करावी लागते. भाजताना ती वाकडी होऊ नये किंवा अपेक्षेहून लहान होऊ नये, म्हणून हव्या त्या मापाचा उष्णतारोधी डट आत बसवतात. न आकसणारी वस्तू मध्ये असल्यास मृत्तिका तिच्याभोवती ताणली जाऊन तडकू शकते. म्हणून धातूची जाड कडी किंवा मोठा खडा बसवताना आकुंचनास जागा ठेवावी लागते.

घडण : मृत्तिका हवेत लवकर सुकते, म्हणून गोळा ओल्या फडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून लागेल तेवढाच भाग काढतात. हातास, लाटण्यास व पाटास तेलाचा किंचित हात लावतात. दोन्ही बाजूंस सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून मधली मृत्तिका लाटली, म्हणजे सर्वत्र एकसारखी जाडी मिळते, पदकासाठी सु. १ ते १.५ मिमी. जाडी पुरते. लाटलेल्या पोळीवर विणलेले कापड, नक्षीचा ठसा, झाडाची साल अशा कोणत्याही उठावदार पृष्ठाचा छाप घेता येतो व नंतर सुईने किंवा पातळ पात्याने आकार कापतात. झाडाच्या खऱ्या पानाच्या शिरांच्या बाजूवर पातळ लगद्याचे थर एकावर एक देऊन प्रत्येक थर वाळू दिला, तर भाजताना पान जळून जाते व शिरांसह पानाची चांदीची प्रतिकृती मिळते. बुचाच्या भुशापासून केलेल्या गाभ्यावर थर देऊन याच रीतीने पोकळ मणी करतात.

वाळवण्यास घाई करून चालत नाही. आत ओल राहिली, तर भट्टीत तिची वाफ होऊन वस्तू फुगते किंवा फुटते. वाळल्याची खात्री करण्यासाठी किंचित ऊन केलेली वस्तू थंड आरशावर क्षणभर ठेवतात. आरशावर वाफेचा डाग उमटल्यास ती आणखी वाळवणे आवश्यक असते. वाळलेली वस्तू खडूसारखी ठिसूळ असते. पण याच अवस्थेत तिच्या कडा घासणे, छिद्रे पाडणे व कोरणे सर्वांत सोपे जाते. भाजल्यावर कानशीला तासभर लागणारे काम येथे बारीक घासकागदाने काही मिनिटांत होते. घासताना पडलेली पूड पाण्यात कालवून पुन्हा लगदा म्हणून वापरतात. महाराष्ट्रात सोनाराच्या दुकानातील केर धुऊन त्यातील सोन्या-चांदीचे कण वेगळे काढण्याचा झारेकऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय आहे. धातुमृत्तिकेच्या कामात पूड शुद्ध राखल्यास कारागीर स्वतःच तिचा पुनर्वापर करू शकतो.

भाजणी : चांदीच्या लहान वस्तू उष्णतारोधी विटेवर ठेवून हातातील वायुज्योतीने भाजता येतात. प्रथम बंधक पेटून छोटी ज्योत व धूर दिसतो, मग वस्तू पांढरी पडते व पुढे नारिंगी छटेने चमकू लागते. ही चमक ठराविक काळ राखावी लागते. पृष्ठभाग एकाएकी आरशासारखा झळाळू लागल्यास धातू वितळण्याच्या बेतात असतो व ज्योत तत्काळ मागे घ्यावी लागते. ज्योतीचे तापमान डोळ्यांच्या अंदाजानेच राखावे लागत असल्याने ही रीत लहान व पातळ वस्तूंपुरती मर्यादित ठेवतात. मोठ्या वा जाड वस्तूंसाठी तापमाननियंत्रक असलेली विजेची भट्टी वापरतात. घुमटाकार वस्तू उष्णतेने बसू नयेत म्हणून त्या ॲल्युमिनाच्या चूर्णात किंवा तत्सम उष्णतारोधी पदार्थात अर्धवट पुरून भाजतात.

तांबे व कासे यांना वेगळी व्यवस्था लागते. हवेत तापवल्यास त्यांच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडाचा थर चढतो व कण जुळत नाहीत. म्हणून स्टेनलेस पोलादाच्या पेटीत नारळाच्या करवंटीच्या सक्रियित कोळशात वस्तू पुरून पेटी झाकून भाजतात. कोळसा पेटीतील ऑक्सिजन शोषून घेऊन ऑक्सिडीकरणास प्रतिबंध करतो. मात्र बंधक पूर्णपणे जळण्यास काही हवा लागते. यासाठी अनेकदा प्रथम कमी तापमानास उघड्यावर बंधक जाळतात व मग कोळशात मुख्य भाजणी करतात.

खडे व अंतिम संस्करण : भाजणीचे तापमान सोसणारे खडे ओल्या मृत्तिकेतच बसवता येतात; आकुंचनाने कोंदण त्यांच्याभोवती आपोआप आवळले जाते. कृत्रिम माणिक व नील तसेच घन झिर्कोनिया यांचे बहुतेक प्रकार यात टिकतात. मोती, पोवळे, अंबर, ओपल व फिरोजा भट्टीत नष्ट होतात किंवा तडकतात; जांभळ्या स्फटिकाचा रंग पालटतो. असे खडे भाजणीनंतर नेहमीच्या रीतीने कोंदणात बसवावे लागतात. खडा बसवलेली तप्त वस्तू पाण्यात बुडवल्यास खडा फुटतो, म्हणून ती सावकाश निवू देतात.

भट्टीतून निघालेली चांदी पांढरीफटक दिसते. हा मळ किंवा ऑक्साइड नव्हे. पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत असल्याने प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो. तारेच्या ब्रशाने घासल्यावर व ओपणीने दाबून ओप दिल्यावर चांदीची मूळ झळाळी प्रकट होते. ओपल्याने पृष्ठभागावरील छिद्रेही बुजतात. डाख द्यायचा असल्यास जोडाची जागा आधी ओपून घ्यावी लागते, नाहीतर वितळलेला डाख छिद्रांत शोषला जाऊन जोड कच्चा राहतो.

दोष व परीक्षा : अपुरी भाजलेली वस्तू हा या पद्धतीतील सर्वांत गंभीर दोष होय, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. कणांमध्ये केवळ बारीक माना तयार झाल्या असतानाही वस्तू घासली की चांदीसारखी चमकते, वाजते व वजनदार लागते. परंतु वाकवल्यास ती बिस्किटासारखी मोडते. म्हणून त्याच मृत्तिकेची व त्याच जाडीची एक पट्टी प्रत्येक भाजणीत ठेवण्याची शिस्त चांगले कारागीर पाळतात. थंड झालेली पट्टी काटकोनात वाकवली असता न तडकता वाकली, तर भाजणी पुरी झाली असे समजतात. पट्टी मोडल्यास वस्तू पुन्हा अधिक काळ भाजता येते. हा दोष वेळीच ओळखला, तर दुरुस्त होतो. ओळखला नाही, तर तो अंगठी बोटावर असताना किंवा कर्णभूषणाची कडी तुटल्यावर उघडकीस येतो.

दुसरा दोष परक्या धातूंच्या संसर्गाचा आहे. चांदी व तांबे यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण सु. ७७९° से.लाच वितळते, म्हणजे दोहोंपैकी कोणत्याही धातूच्या वितळबिंदूपेक्षा ते बरेच खाली आहे. यामुळे चांदीच्या वस्तूवर तांब्याची पूड पडली असल्यास ९००° से.ला तेथे खड्डा पडतो. ॲल्युमिनियमही चांदीशी असेच कमी तापमानास वितळणारे मिश्रण बनवते. म्हणून वेगवेगळ्या धातूंसाठी वेगळी हत्यारे व वेगळे घासकागद ठेवणे आवश्यक असते.

सुरक्षितता : बंधक जळताना धूर निघतो व कोळशाच्या पेटीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, वासरहित वायू बाहेर पडू शकतो. भाजणी बंद खोलीत न करता हवेशीर जागी करणे अत्यावश्यक आहे. वाळलेली वस्तू घासताना उडणारे धातूचे चूर्ण श्वासावाटे जाऊ नये म्हणून मुखपट्टी वापरावी किंवा ओल्या कागदाने घासावे. या कामातील लाटणे, पाट व डब्या पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू नयेत.

स्थान व मर्यादा : ऐरण, जंतर व मूस यांचा दीर्घ सराव नसलेल्या व्यक्तीसही धातुमृत्तिकेने अल्पावधीत दागिना करता येतो. शाळा, छंदवर्ग व लहान घरगुती कार्यशाळा यांत ती रूढ होण्याचे हे मुख्य कारण आहे. पृष्ठावरील सूक्ष्म पोत, निसर्गातील वस्तूंचे छाप व एकेकट्या नमुन्याचे काम यांत ती पारंपरिक पद्धतींहून सरस ठरते. उलट लवचिक कड्या, खड्यांना धरणारी बारीक नखे, टाचणीचे काटे व लांब साखळ्या यांसाठी ठोकलेला पत्रा व ओढलेली तार हेच योग्य होत. कारण ठोकण्याने व ओढण्याने धातूत जी दृढता येते, ती भाजलेल्या मृत्तिकेत नसते आणि शिल्लक छिद्रांमुळे तिची ताकद आणखी कमी होते. म्हणून जाणते कारागीर मृत्तिकेच्या पदकाला तारेची कडी जोडून दोन्ही पद्धतींचा मेळ घालतात. मृत्तिका तोलामागे साध्या चांदीहून बरीच महाग पडते. तेव्हा एकाच नमुन्याचे पुष्कळ नग काढण्यासाठी ओतकाम अधिक किफायतशीर असते.

अशा दागिन्यांचे मूल्यमापन करताना शुद्धता व पक्वता या दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. ९९९ हा अंक धातूतील चांदीचे प्रमाण सांगतो; तिचे कण परस्परांस कितपत जुळले आहेत, हे तो सांगत नाही. पुरी भाजलेली व कच्ची राहिलेली वस्तू शुद्धतेच्या परीक्षेत सारखीच उतरते. पारंपरिक सोनारकामात हातोडीखालीच धातूचा कस लागतो व कच्चा धातू घडणीच्या वेळीच तडकून आपला दोष प्रकट करतो. धातुमृत्तिकेत घडण आधीच पुरी झालेली असल्यामुळे ही परीक्षा कारागिराने स्वतः होऊन घ्यावी लागते. या पद्धतीने हाताचे कष्ट बरेच कमी केले असले, तरी ज्ञानाची गरज कमी केलेली नाही. कौशल्याचा भार हातोडीकडून भट्टीकडे सरकला आहे एवढेच. किती तापमानास व किती वेळ भाजले आणि पट्टी वाकवून पाहिली की नाही, यांवरच दागिन्याचे आयुष्य अवलंबून असते.